राक्षस आणि ड्रॅगन काढायचं साहित्य: हात कुठे मोकळा होतो, कुठे अडतो

शिंग, खवले, आयाळ, ओला डोळा आणि पंखाचा ताणलेला पडदा. काल्पनिक प्राण्याच्या चित्रात हे पाच पोत बहुतेक वेळा एकाच कागदावर, एकमेकांना खेटून येतात आणि पाचही फक्त काळ्या रेषेतून वेगळे ओळखू यावे लागतात. साहित्य घेताना मात्र शाई किती काळी आहे आणि पाणी लागल्यावर पसरते का, एवढंच पाहिलं जातं. या परीक्षणात प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला आहे: ए४ कागदावर असा एक प्राणी काढायला घेतला, तर ही वस्तू कुठल्या पोताला साथ देते आणि कुठे हात टेकते?

निकाल आधीच सांगून टाकायचा तर, सुरुवात करणारा जवळजवळ प्रत्येक जण घेतो तो सहा-आठ फाइनलायनरचा (ठरलेल्या एकाच जाडीची रेघ देणाऱ्या बारीक टोकाच्या पेनांचा) संच या कामाला सर्वांत कमी उपयोगाचा आहे. जी निब (दाबली की फाकणारं, शाईत बुडवायचं धातूचं टोक) लावलेला एक टाक, केसांचं टोक असलेलं एक ब्रश पेन, ०१ नंबरचं एकच फाइनलायनर, एचबी पेन्सिल, मळता येणारा खोडरबर आणि गुळगुळीत ब्रिस्टल (जाड, ताठ) कागद, एवढ्यात बहुतेक सगळे राक्षस काढून होतात. प्राणी जिवंत वाटतो तो रेषेच्या जाडीतल्या चढउतारामुळे. पोटाखालची रेषा जाड, पाठीवर उजेड पडतो तिथली बारीक, सांध्यापाशी पुन्हा दाबलेली. काही हत्यारं हा चढउतार एका फटक्यात देतात, काहींच्या बाबतीत तो रेघेवर रेघ मारून उसना आणावा लागतो. निवड करताना आधी हे बघायचं.

पेन्सिल आणि खोडरबर

कच्च्या रेखाटनाला कठीण पेन्सिल बरी, ती पुसट उमटते, असा सल्ला सर्रास दिला जातो. शाईखाली तो अंगाशी येतो. २एच किंवा ४एचचं टोक कागदावर चर पाडतं. पेन्सिल खोडली तरी चर राहतो आणि वरून ब्रश फिरवला की काळ्या भागात पांढरी रेघ डोकावते. निब वापरली तर ती त्या चरात शिरते आणि आपल्याला हवी ती वाट सोडते. हलक्या हाताने चालवलेली एचबी सगळ्यांत निर्धोक. स्टेडलर मार्स ल्युमोग्राफ आणि फेबर-कास्टेल ९००० या दोन्हींची एचबी या कामाला उत्तम: टोक बराच वेळ टिकतं आणि रेषा नीट खोडली जाते. मित्सुबिशी हाय-युनीची एचबी यांच्यापेक्षा मऊ आणि गडद लागते. शाईखाली वापरायची तर तिची एफ किंवा एच घ्यावी. चित्र पेन्सिलीतच पुरं करणार असाल, तर मात्र हाय-युनीच जास्त सुखाची.

पेन्सिलीची खरी परीक्षा पंखाच्या सांगाड्यात होते, कारण तिथे खोडाखोड ठरलेलीच. ड्रॅगनचा पंख वटवाघळाच्या हातावर बेतायचा असतो: खांदा, कोपर, मनगट, मग आखूड अंगठा आणि चार लांब बोटं. चारही बोटं मनगटातूनच निघतात. ती कोपरापासून किंवा कडेवर वाटेल तिथून निघाली, की हा पंख मिटेल कसा असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो आणि प्राणी खोटा ठरतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पंख पाठीवर नुसता चिकटवणं. चार पाय आणि वर दोन पंख असतील तर खांद्यांच्या दोन जोड्या हव्यात, एकीमागे एक, आणि पंख हलवायला छातीत तेवढा मांसल भाग हवा. पडद्याची मोकळी कड दोन बोटांच्या मध्ये आत वळते आणि पडदा शरीराला बरगड्यांपासून मागच्या पायापर्यंत जोडलेला राहतो. हे सगळं बसेपर्यंत रेषा मागेपुढे होणारच. तेव्हा पेन्सिल अशी हवी, की तिसऱ्यांदा खोडल्यावरही कागद मळकट होणार नाही.

रेखाटन पक्कं झाल्यावरची एक पायरी बरेच जण गाळतात. मळता येणाऱ्या खोडरबराची वळी करून ती सगळ्या चित्रावरून लाटायची. घासायची नाही, लाटायची. पेन्सिलीचा वरचा थर उचलला जातो आणि जेमतेम दिसेल एवढी रेषा उरते. शाई करायची ती या पुसट रेषेवर. जाड ग्रॅफाइटवर ओढलेली शाई कागदात न मुरता त्या थरावर बसते आणि शेवटी खोडताना ग्रॅफाइटबरोबर निघून येते. काळीभोर आयाळ राखी झाली तर दोष शाईला दिला जातो, पण बहुतेक वेळा मूळ इथे असतं.

फक्त पेन्सिलीत काम करणाऱ्यांची अडचण वेगळी. ग्रॅफाइटचे थर चढवत गेलं की ते चमकायला लागतं. मग उघड्या जबड्याचं आतलं पोकळ, नाकपुड्या, काखेतली सावली हे भाग प्रकाशात काळे दिसण्याऐवजी रुपेरी दिसतात. अगदी मऊ, गडद अशी ८बी आणली तरी चमक जात नाही. यावर ल्युमोग्राफचीच ‘ब्लॅक’ नावाची वेगळी मालिका उपयोगी आहे. तिच्या शिशात कार्बनचं प्रमाण मोठं असल्याने काळा रंग खोल आणि चमकविरहित येतो. दोन गोष्टी मात्र ध्यानात हव्यात. एक, ती साध्या पेन्सिलीइतकी स्वच्छ खोडली जात नाही, त्यामुळे शाईखाली तिचं काम नाही. दोन, आधी ग्रॅफाइटचा गुळगुळीत थर दिला असेल तर वरून कार्बन धरत नाही, घसरतो. म्हणजे सर्वांत गडद जागा आधी ठरवून त्या कार्बनने भरायच्या आणि ग्रॅफाइट त्यांच्या कडेला आणून भिडवायचं.

निळ्या पेन्सिलीने रेखाटन करून पुढे स्कॅनमध्ये निळा रंग काढून टाकण्याची पद्धत जुनी आणि चांगली आहे. प्रिझ्माकलरची कोल-इरेज निळी नेहमीच्या रंगीत पेन्सिलीपेक्षा बरीच बरी खोडली जाते. साध्या निळ्या रंगीत पेन्सिलीत मेण जास्त. तिचा थर जाड झाला की शाई त्यावर थेंबाथेंबाने फुटते. शंका असेल तर कागदाच्या कोपऱ्यात निळा पट्टा मारून त्यावर शाईची एक रेघ ओढून बघावी.

टॉम्बो मोनो झीरो या पेनसारख्या खोडरबराचं गोल टोक २.३ मिमीचं आहे. खवल्यांना उजेड देण्यासाठी याच्याइतकी चांगली वस्तू क्वचित सापडेल: सगळ्या मानेवर आधी सपाट करडी छटा भरायची आणि मग प्रत्येक खवल्याच्या वरच्या कडेला एकेक ठिपका उचलायचा. टोक मळलं की ते छटा उचलण्याऐवजी फासतं. हाताशी कोरा कागद ठेवून दर आठ-दहा ठिपक्यांनी त्यावर घासून घ्यावं.

फाइनलायनर

साकुराचं पिग्मा मायक्रॉन इथे नमुना म्हणून धरलं आहे, कारण बाजारातली बरीचशी फाइनलायनर त्याच धर्तीची आहेत. रंगद्रव्याची शाई, वाळल्यावर पाण्याला दाद न देणारी, धातूच्या बारीक नळीत बसवलेलं टोक. नंबर आणि जाडी यांचा मेळ वाटतो तेवढा सरळ नाही: ००५ म्हणजे ०.२० मिमी, ०१ म्हणजे ०.२५, ०३ म्हणजे ०.३५, ०५ म्हणजे ०.४५ आणि ०८ म्हणजे ०.५० मिमी. म्हणजे संचातल्या सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड रेघेत फक्त ०.३ मिमीचा फरक. ए४ वर ड्रॅगनची बाह्यरेषा काढताना हा फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही आणि पेनं बदलत बसण्याची कटकट तेवढी वाढते. एकसारख्या जाडीच्या रेषेत बंद केलेला प्राणी तारेचा वाकवलेला दिसतो. सावलीच्या बाजूने दुसरी, तिसरी रेघ जोडून जाडी आणता येते, पण त्यात वेळ तिप्पट जातो आणि रेषेचा झोक मोडतो.

असं असूनही ०१ चं एक फाइनलायनर हवंच, आणि ते डोळ्यासाठी. राक्षसाचा डोळा फसला की बाकीची मेहनत वाया जाते, म्हणून शाईची सुरुवात तिथूनच करावी. आधी पेन्सिलीने चमकेची जागा आखून घ्यायची, आणि ती बाहुली व बुबुळ यांच्या सीमेवर, दोघांना थोडी थोडी झाकणारी ठेवायची. ती जागा कोरीच राहणार. मग उभी फटीसारखी बाहुली भरायची. बुबुळातल्या रेघा बाहेरच्या कडेकडून आत ओढायच्या, म्हणजे कड आपोआप गडद होते. वरच्या पापणीची सावली डोळ्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्शावर पडते, तिथे आडव्या वळणाच्या रेघांचा आणखी एक थर. खालच्या पापणीला जाडी असते. पापणीची कड आणि डोळ्याचा गोळा यांच्यामध्ये केसाएवढी कोरी पट्टी सोडली की ती ओल म्हणून वाचली जाते. एवढ्या बारीक जागेत निब कागदात रुतण्याची आणि ब्रश भरकटण्याची भीती असते. फाइनलायनर तिथे विश्वासू.

फाइनलायनरने पंखाचा पडदाही चांगला होतो, कारण तिथे रेषा एकसारखीच हवी असते. बोटांच्या हाडापासून निघून पडद्याच्या झोळाबरोबर वळणाऱ्या समांतर रेघा, मध्यावर विरळ, हाडाशी दाट. एका रेघेचं वळण चुकलं तर पडदा तिथे फुगल्यासारखा दिसतो.

बिघाडाची कारणं दोनच, पण वारंवार येणारी. दाबून लिहिण्याची सवय असेल तर टोक नळीत ढकललं जातं आणि रेघ पुसट, खरखरीत होते. यात ००५ सर्वांत आधी बळी पडतं. दुसरं म्हणजे टोकाला चिकटणारं ग्रॅफाइट किंवा मेण, ज्याने शाई अडते. पेन शक्यतो उभं धरावं आणि पुसट रेखाटनावरच चालवावं. झिजलेलं ०१ टाकून देऊ नका. दगडी कातडी, वाळलेला चिखल, शिंगाचा खडबडीत बुंधा यांना त्याची तुटक रेघ नव्या पेनापेक्षा छान लागते. ज्यांचं सगळं कामच फाइनलायनरवर चालतं त्यांनी कोपिक मल्टिलायनर एसपी घ्यावं. त्याचं टोक आणि शाईची कांडी दोन्ही बदलता येतात.

टाक, निब आणि दौत

राक्षस काढायला सर्वांत जास्त देणारं हत्यार हेच, असं माझं ठाम मत आहे. जी निब निक्कोची घ्या किंवा झेब्राची, हलक्या हाताने ती केसासारखी रेघ देते आणि दाब वाढवला की दोन पाती फाकून तीच रेघ कित्येक पटींनी जाड होते. शिंगावरचं वळं काढून बघा. उजेडाच्या कडेला निब जेमतेम टेकवायची, वळं सावलीकडे जाईल तसा दाब वाढवायचा आणि कडेला उचलायची. एका फटक्यात वळ्याला गोलाई येते. वळी बुंध्याशी दाट आणि टोकाकडे विरळ ठेवायची, टोक गुळगुळीत सोडायचं. फाइनलायनरने हेच करायला प्रत्येक वळ्यामागे चार-पाच रेघा लागतात.

केसांनाही हाच न्याय. मुळाशी दाब, टोकाकडे उचल. पण आयाळ एकेक केस काढून होत नाही. आधी झुपके आखायचे, प्रत्येक झुपक्याचं टोक वेगळ्या दिशेला, आणि शाईच्या रेघा झुपक्याच्या सावलीच्या बाजूला आणि दोन झुपके एकमेकांवर येतात त्या फटीत दाट करायच्या. उजेडाच्या बाजूला तीन-चार रेघा पुरतात. सगळीकडे सारख्या रेघा भरल्या तर आयाळीचा गवताचा भारा होतो.

नवी निब तशीच शाईत बुडवली तर शाई थेंब होऊन घरंगळते, कारण गंजू नये म्हणून कारखान्यातून तिला तेलकट लेप दिलेला असतो. भांडी घासायचा साबण किंवा टूथपेस्ट लावून, बोटाने चोळून, धुऊन कोरडी करायची. ज्योतीवर धरण्याचा जुना उपाय काम करतो, पण क्षणभर जास्त झालं तर पोलादाचा ताव उतरतो आणि पाती फाकून परत येत नाहीत. साबण असताना ते धाडस कशाला?

शाईत बुडवायचं ते निबेच्या मधल्या छिद्रापर्यंत, त्याच्या वर नाही. छिद्र ओलांडलं की डाग पडणार हे नक्की. बाहेर काढताना दौतीच्या काठाला हलका स्पर्श करून जादा शाई उतरवायची. रेघ आपल्याकडे किंवा बाजूला ओढायची, पुढे ढकलायची नाही. ढकलली की पाती कागदात रुततात आणि सुटताना शाईचे शिंतोडे उडवतात. त्यामुळे हाताऐवजी कागद फिरवायची सवय लागते. डावखुऱ्या हाताला तर कागद बराच तिरपा ठेवल्याशिवाय जी निब जमत नाही. दाबाच्या रेघेत मधे पांढरी फट राहून दोन समांतर रेघा उमटल्या तर तीन शक्यता: निबेत शाई संपत आली आहे, शाई घट्ट झाली आहे किंवा हात फार वेगात आहे. आधी पुन्हा बुडवून बघा, मग शाई पातळ करा, मग हात सावकाश चालवा, या क्रमाने. आणि जेव्हा हलक्या हातानेही निब बारीक रेघ देईनाशी होते, तेव्हा ती झिजली असं समजून बदलायची. निब ही खपाची वस्तू आहे, जपून ठेवायची नाही.

हंट १०२ ही दुसरी लोकप्रिय निब. ती नळीच्या आकाराची असल्याने जी निबेच्या टाकात बसत नाही, तिला वेगळी दांडी लागते. हे न बघता घेतलेल्या निबा कितीतरी पेट्यांमध्ये पडून असतात. तिचं टोक जी निबेपेक्षा बरंच तीक्ष्ण आहे. मिशा, कोळ्याच्या पायांवरचे राठ केस, कीटकाच्या पंखातल्या शिरा यांसाठी फारच सुरेख. पण खरबरीत कागदावर ती तंतू उपटते, तंतू पात्यांच्या मधे अडकतो आणि पुढची रेघ झाडू फिरवल्यासारखी येते. असं झालं की निब लगेच पुसायची. तशीच पुढे रेटली तर डाग ठरलेला.

शाई कुठली? चित्रावर पुढे पातळ शाईचा किंवा जलरंगाचा हात फिरवायचा असेल तर वाळल्यावर पाण्याने न सुटणारी इंडियन इंक हवी. स्पीडबॉलची सुपर ब्लॅक टाकाला चांगली चालते आणि तिचा काळा भरीव आहे. उघड्या बाटलीत ती दाट होत जाते, म्हणून मोठ्या बाटलीतून थेट न वापरता झाकणाएवढ्या लहान भांड्यात थोडी ओतून घ्यायची आणि निब ओढायला लागली की ऊर्ध्वपातित पाण्याचे एक-दोन थेंब टाकायचे. काम चालू असताना दर काही मिनिटांनी ओल्या फडक्याने निब पुसायची, नाहीतर शाई पात्यांवर वाळून त्यांची लवचीकताच घालवते. ही शाई फाउंटन पेनात कधीही भरू नये. आतल्या वाटा कायमच्या बुजतात. फाउंटन पेनच वापरायचं असेल तर प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक त्यासाठीच बनवलेली आहे. ती सुद्धा पेनात आठवडेच्या आठवडे वाळू द्यायची नाही, पेन रोजच्या वापरात हवं.

खवले

इथे थोडं थांबायला हवं, कारण चांगलं साहित्य असूनही सर्वांत जास्त चित्रं इथे बिघडतात. खवले म्हणजे अंगावर घातलेली जाळी नव्हे. मान गोल असेल तर खवल्यांच्या ओळी त्या गोलाईबरोबर वळतात, कडेला जाताना दाटतात आणि अरुंद होतात. म्हणून पेन्सिलीने आधी मानेला वेढणाऱ्या वळणरेषा आखायच्या, मग त्यांना छेदणाऱ्या लांबीच्या रेषा, आणि त्या चौकटीत खवले बसवायचे. खवल्याची मोकळी कड शेपटीकडे असते. आकारही बदलता हवा: पाठीच्या कण्यावर मोठे, सांध्यांच्या आत आणि डोळ्यांभोवती बारीक, पोटाखाली आडव्या रुंद पट्ट्या.

शाई करताना प्रत्येक खवला पूर्ण काढायचा नाही. उजेड आणि सावली यांची जिथे सीमा आहे त्या पट्ट्यात खवले स्पष्ट काढायचे, कारण पोत तिथेच ठळक दिसतो. उजेडात नुसत्या तुटक कडा, गडद सावलीत जवळजवळ सपाट काळा. अल्ब्रेख्त ड्यूररने १५१५ साली केलेला गेंड्याचा काष्ठठसा या बाबतीत आजही समोर ठेवून अभ्यासण्यासारखा आहे. त्याने तो प्राणी पाहिलेला नव्हता. वर्णन आणि एक रेखाटन यांवरून त्याने चिलखतासारखे पत्रे रचले आणि खांद्यावर नसलेलं एक लहान शिंगही दिलं. तरीही पुढे दीर्घकाळ युरोपात गेंडा म्हणजे हाच असं लोकांनी धरलं, कारण पत्रे, त्यांच्यामधल्या घड्या आणि खवलेदार पाय यांना त्याने वेगवेगळ्या खुणा दिल्या होत्या. पोत इतका पटतो की शरीररचनेतल्या चुका पुढे येत नाहीत.

खवल्यांच्या कामात जी निब पहिली, मोनो झीरो आणि पेन्सिल दुसरी, फाइनलायनर तिसरं. ब्रश पेन इथे घेऊ नये. कडा फार जाड होतात.

ब्रश पेन

पेंटेलच्या पॉकेट ब्रश पेनाचं टोक कृत्रिम केसांचं आहे, फेल्टचं (दाबून घट्ट केलेल्या तंतूंचं) नाही, आणि सगळा फरक तिथे आहे. टोकाने केसाएवढी रेघ, आडवं दाबलं की कित्येक मिलिमीटरची. बाह्यरेषा, जबड्याच्या आतला काळोख, आयाळीतल्या मोठ्या लाटा, पायाखालची सावली ही कामं याने भराभर होतात. शाई रंगद्रव्याची, वाळल्यावर न पसरणारी, आणि कांडी बदलता येते. दौत, पाणी, फडकं काहीच लागत नाही.

नवी कांडी बसवल्यावर शाई टोकापर्यंत उतरायला वेळ लागतो. घाईने कांडी पिळली तर जादा शाई केसांत साचते आणि पहिल्याच रेघेला पाघळते. टोक खाली करून ठेवा, थांबा. केस विस्कटले तर कोमट पाण्यात धुऊन, बोटांत हलकेच ओढून टोक पुन्हा जुळवता येतं. रेघ लांब असेल तर मनगट स्थिर ठेवून हात कोपरापासून हलवावा. शेपटीचं लांब वळण बोटांनी काढलं की ते हमखास थरथरतं. शिंगाचा बुंधा किंवा खडक यांसाठी टोक फडक्यावर जवळपास कोरडं करून आडवं फिरवलं की तुटक, खडबडीत पोत मिळतो, आणि हा पोत दुसऱ्या कुठल्याच पेनाने इतक्या सहज येत नाही.

मोठी तक्रार एकच: गुळगुळीत कागदावर भरलेला काळा भाग वाळायला वेळ घेतो. वरून वाळलेला दिसतो आणि हाताच्या कडेला लागतो. तिरप्या उजेडात धरून बघायचं. ओली चकाकी दिसली तर त्या बाजूला जायचंच नाही. मोठा काळा भाग भरल्यावर खोडरबर दुसऱ्या दिवशी लावलेला उत्तम.

फेबर-कास्टेल पिट आर्टिस्ट पेनाचं ‘बी’ टोक ब्रशसारखं असलं तरी फेल्टच्या जातीचं आहे. हाताला बसायला सोपं, नवख्या माणसाला दिलासा देणारं. पण रेघेतला चढउतार मर्यादित आणि खरबरीत कागदावर टोक लवकर पिंजतं. मोठे काळे भाग भरताना पट्टे दिसतात. टोक बोथट झालं की चिमट्याने ओढून उलटं बसवता येतं, आतलं टोक नवंच असतं. शिकायला पिट, काम करायला पेंटेल.

कागद

शाईसाठी स्ट्रॅथमोर ३०० मालिकेतला गुळगुळीत ब्रिस्टल, वजन २७० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम). निब अडकत नाही, रेघेच्या कडा धारदार येतात आणि बऱ्यापैकी खोडाखोड सोसतो. त्याच मालिकेतला व्हेलम पृष्ठभाग किंचित दाणेदार आहे. तो पेन्सिलीला आणि कोरड्या ब्रशला उत्तम, पण हंट १०२ ला त्रासदायक. झेरॉक्सच्या ८० जीएसएम कागदावर रेखाटनाचा सराव खुशाल करा, शाईचा करू नका. रेघेला मिशा फुटतात आणि दोष हाताचा की कागदाचा हेच कळत नाही, त्यामुळे शिकणंही होत नाही. पातळ शाईचे थर द्यायचे असतील तर ३०० जीएसएमचा हॉट प्रेस्ड, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाचा, जलरंग कागद घ्यावा. ब्रिस्टल ओला झाला की वाकतो.

कागदावर तळहात टेकतो तिथे तेलकटपणा उतरतो आणि पुढे नेमक्या त्याच जागी शाई धरत नाही. हाताखाली कोरा कागद ठेवावा, एवढंच.

पांढरी शाई

डोळ्याची चमक शक्यतो कागदाचीच सोडावी, पांढरी शाई तिथे कायम थोडी मेलेली दिसते. तिची जागा काळ्यावर: गडद आयाळीवरून जाणारे दोन-चार केस, जबड्यात लोंबणारी लाळ, दाताच्या कडेची ओल. युनि-बॉल सिग्नो यूएम-१५३ हा जेल पेन पांढरा दाट देतो, पण गोळी १ मिमीची असल्याने केसांसाठी जाड पडतो. ठिपक्यांना आणि लाळेच्या थेंबांना तो हवा. बारीक केसांसाठी डॉ. पीएच. मार्टिन्सचा ब्लीडप्रूफ व्हाइट हा दाट पांढरा रंग थेंबभर पाणी घालून सायीपेक्षा पातळ करायचा आणि स्वच्छ धुतलेल्या जी निबेने ओढायचा. दोन्ही खालची काळी शाई पूर्ण वाळल्यावरच, नाहीतर पांढऱ्याचा राखी होतो. पांढऱ्यावर पुन्हा काळी रेघ मारायची झाली तर निबेने मारा. फाइनलायनरचं टोक त्या थरात बुजतं आणि पेन तिथेच संपतं.

काम पुरं झाल्यावर स्कॅन ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके), करड्या छटांमध्ये करावा. थेट कृष्णधवल निवडलं तर जी निबेच्या केसासारख्या रेघा तुटतात आणि कोरड्या ब्रशचा पोत चिकटून डाग होतो. करड्या स्कॅनमध्ये काळ्याची पातळी आपल्या हाताने ओढता येते, आणि पांढऱ्या शाईच्या जागी राहिलेली हलकी करडी छायाही तिथेच काढून टाकता येते.